निकालात न काढणारा माणूस

एखादी वेबसिरीज तुम्हाला मनापासून आवडते. मित्रांच्या मागे लागून तुम्ही ती त्यांनाही बघायला लावता. आणि मग एक दिवस बातमी येते, दुसरा सीझन येणार नाही. आकडे जमले नाहीत म्हणे. तुम्ही चिडता, दोन-चार स्टोऱ्या टाकता आणि पुढची सिरीज सुरू करता. पण हा निर्णय घेणारा माणूस कोण असतो, कधी विचार केलाय? त्याच्या टेबलावर रोज सकाळी काय येऊन पडतं? आणि समोरचे आकडे चक्क ‘नाही’ म्हणत असताना त्याने ‘हो’ म्हणायचं ठरवलं, तर काय होतं?

आज ज्याची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, त्याने अमेरिकेतल्या एनबीसी या टीव्ही नेटवर्कवर अकरा वर्षं हेच काम केलं. त्याचं नाव ब्रँडन टार्टिकॉफ. तो ना अभिनेता, ना दिग्दर्शक, ना लेखक. पण ‘चीअर्स’, ‘हिल स्ट्रीट ब्लूज’, ‘मायामी व्हाइस’, ‘द गोल्डन गर्ल्स’, ‘नाइट रायडर’ या मालिकांची यादी काढली की त्यांच्यामागे हा एकच माणूस उभा दिसतो. १९९७ साली, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी तो गेला. त्याच्या कामात तुमच्या-माझ्या उपयोगाचं बरंच काही आहे. फक्त ते ‘यशाची सात सूत्रं’ टाइप नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गोरिलांचा आठवडा

ब्रँडनचा जन्म १३ जानेवारी १९४९चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या फ्रीपोर्ट गावातला. पुढे तो येल विद्यापीठात गेला आणि इंग्रजी साहित्य घेऊन १९७० साली पदवीधर झाला. येलसारख्या ठिकाणाहून बाहेर पडणाऱ्या मुलांनी वकील व्हावं, बँकेत जावं, निदान प्राध्यापक तरी व्हावं, अशी अपेक्षा असायची. टीव्ही म्हणजे शिकल्या-सवरलेल्यांनी नाक मुरडायची गोष्ट. ब्रँडनला मात्र लहानपणापासून टीव्हीचं वेड होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

पण हवं तिथे थेट कुणी घेत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याने सुरुवात केली ती येलच्याच गावात, न्यू हेवनच्या एका स्थानिक टीव्ही स्टेशनवर. काम काय, तर जाहिराती आणि कार्यक्रमांचे प्रोमो बनवायचे. तिथून १९७३ साली तो शिकागोच्या डब्ल्यूएलएस या मोठ्या स्टेशनवर गेला.

या स्टेशनकडे दाखवायला बरेच जुने सिनेमे असायचे. त्यातले काही माकडांचे आणि गोरिलांचे. असले सिनेमे कोण बघणार? ब्रँडनने ते सगळे एका आठवड्यात एकत्र लावले आणि त्या आठवड्याला नाव दिलं, ‘गोरिला माय ड्रीम्स’. म्हणजे ‘गर्ल ऑफ माय ड्रीम्स’ची सरळसरळ टिंगल. लोक हसले आणि बघायलाही बसले. ही चुणूक एबीसी नेटवर्कचे कार्यक्रमप्रमुख फ्रेड सिल्व्हरमन यांच्या नजरेत भरली. त्या काळात टीव्हीच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे सिल्व्हरमन. १९७६ साली त्यांनी या पोराला आपल्याकडे बोलावून घेतलं.

गोष्ट इथपर्यंत एकदम गुलाबी वाटते, नाही? पण विशीतच ब्रँडनला हॉजकिन्सचा आजार झाला होता. हा लसिका ग्रंथींचा कॅन्सर. उपचार झाले, तो बरा झाला, कामाला लागला. पण ज्या वयात आपल्याला वाटतं की आयुष्य म्हणजे न संपणारा डेटा पॅक आहे, त्या वयात त्याला कळलं होतं की आपला पॅक कधीही संपू शकतो.

तिसऱ्या नंबरची खुर्ची

१९७७ साली ब्रँडन एबीसी सोडून एनबीसीत आला. आणि जानेवारी १९८०मध्ये, जेमतेम एकतिशीत, एनबीसीच्या मनोरंजन विभागाचा अध्यक्ष झाला. इतक्या कमी वयात अशा खुर्चीवर तोवर कुठल्याच नेटवर्कमध्ये कुणी बसलं नव्हतं.

कौतुकाची गोष्ट खरी, पण खुर्ची कुठली मिळाली तेही बघा. अमेरिकेत तेव्हा तीन मोठी नेटवर्क होती. सीबीएस, एबीसी आणि एनबीसी. केबल आत्ता कुठे पाय पसरत होतं, इंटरनेटचा पत्ता नव्हता. अख्खा देश संध्याकाळी या तिघांपैकी कुणातरी एकाकडे बघायचा. आणि या तिघांत एनबीसी तिसरं. म्हणजे शेवटचं. १९७९ साली त्यांनी ‘सुपरट्रेन’ नावाची मालिका काढली होती. एका आलिशान रेल्वेगाडीचा सेट उभारायला अफाट पैसा ओतला आणि मालिका काही महिन्यांत आपटली. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचे प्रक्षेपण हक्क त्यांच्याकडे होते, पण अमेरिकेने ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला आणि ती आशाही बुडाली. एनबीसीशी जोडलेली काही स्थानिक स्टेशनं हात सोडून दुसऱ्या नेटवर्ककडे निघाली होती. अशा जहाजाची सुकाणू त्या मुलाच्या हातात आली.

आता हे काम चालतं कसं, ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. नेटवर्ककडे दरवर्षी मालिकांच्या शेकडो कल्पना येतात. त्यातल्या काहींची पटकथा लिहून घेतात. त्या पटकथांमधून थोड्यांचा एक नमुना भाग चित्रित होतो, त्याला म्हणतात पायलट. हा पायलट निवडक प्रेक्षकांना दाखवून त्यांची मतं घेतात. मग त्यातून मूठभर मालिका शरद ऋतूत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडद्यावर येतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निल्सन कंपनीचे आकडे येतात. आपल्याकडच्या टीआरपीसारखेच. आकडे चांगले तर जाहिरातीचा दर चढा. आकडे वाईट तर चार-सहा भागांत गाशा गुंडाळा. मालिकेमागे वर्षभर घाम गाळणाऱ्या शेकडो लोकांचा निकाल एका कागदावर लागतो. या कागदावर सही कुणाची? ब्रँडनची.

शेवटून पहिले

जानेवारी १९८१मध्ये एनबीसीने ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ सुरू केली. स्टीव्हन बॉच्को आणि मायकेल कोझोल यांनी निर्माण केलेली पोलीस ठाण्याची मालिका. तोवरच्या पोलीस मालिकांचा साचा ठरलेला होता. एक हिरो, एक गुन्हा, तासाभरात गुन्हेगार गजाआड. इथे मात्र डझनभर मुख्य पात्रं, हातात धरलेला हलता कॅमेरा, एकमेकांच्या बोलण्यात बोलणारी माणसं आणि एका भागात न संपणाऱ्या कथा. आज तुम्ही बघता त्या बहुतेक चांगल्या सिरीज अशाच असतात. पण तेव्हा चाचणीतले प्रेक्षक गोंधळून गेले. हे काय चाललंय, हिरो कोण, गोष्ट संपली कशी नाही, असे त्यांचे प्रश्न. पडद्यावर आल्यावरही आकडे भीषण. वर्षअखेरीच्या यादीत मालिका तळाच्या जवळ होती.

नियमाने ती बंद व्हायला हवी होती. ती झाली नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं आणि जे थोडे लोक बघत होते, ते दर आठवड्याला न चुकता बघत होते. एनबीसीने दुसरा सीझन दिला. त्याच वर्षीच्या एमी पुरस्कारांत या मालिकेला आठ पुरस्कार मिळाले. पुरस्कारांमुळे लोकांनी एकदा बघावं तरी म्हणून टीव्ही लावला आणि हळूहळू ते बसू लागले. मालिका १९८७पर्यंत चालली.

१९८१मध्येच एनबीसीच्या सर्वोच्च पदावर ग्रँट टिंकर आले. ते मूळचे निर्माते. चांगल्या लेखकांना गोळा करावं आणि मग त्यांच्या कामात लुडबुड करू नये, हा त्यांचा खाक्या. वर असा साहेब मिळणं हे ब्रँडनचं नशीबच. कारण थांबायचं ठरवायला खालच्या माणसाची हिंमत लागते, तशी वरच्याची साथही लागते. हे विसरलं की अशा गोष्टी एकट्या हिरोच्या होऊन बसतात.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९८२ला ‘चीअर्स’ सुरू झाली. बॉस्टनमधला एक बार, तिथे रोज संध्याकाळी येणारी तीच ती माणसं आणि त्यांच्या गप्पा. बस्स, एवढंच. पहिल्या भागाचा त्या आठवड्यातला नंबर ७७ कार्यक्रमांत ७४वा. जरा डोळ्यांसमोर आणा. वर्गात ७७ मुलं आणि तुमचा नंबर ७४वा. घरी काय होईल?

ब्रँडन आणि टिंकर यांनी ती चालू ठेवली. त्यात शहाणपणाइतकीच नाइलाजाचीही बाजू होती. तिसऱ्या नंबरच्या नेटवर्ककडे त्या जागी लावायला याहून बरं काही नव्हतं. पण नाइलाज असताना लोक घाबरून काहीही वेडंवाकडं करतात. या दोघांनी हातात जे चांगलं होतं, ते सोडलं नाही. ‘चीअर्स’ अकरा सीझन चालली, २७५ भाग झाले आणि १९९३ साली तिचा शेवटचा भाग बघायला अमेरिकेत आठ कोटींच्या आसपास माणसं टीव्हीसमोर बसली होती.

नऊपैकी शून्य

आता तुम्हाला वाटेल, या माणसाची पारखच जबरदस्त. मग १९८३चं वर्ष बघा.

त्या वर्षीच्या सीझनमध्ये एनबीसीने नऊ नव्या मालिका आणल्या. नऊच्या नऊ आपटल्या. एकीलाही दुसरा सीझन मिळाला नाही. त्यातली एक ‘मॅनिमल’. हिरो प्राध्यापक, पण हवं तेव्हा बिबट्या नाहीतर ससाणा होऊन गुन्हेगार पकडणारा. दुसरी ‘मिस्टर स्मिथ’. यात एक बोलणारा ओरांगउटान वॉशिंग्टनमध्ये राजकीय सल्लागार म्हणून काम करतो. हसू नका, या दोन्ही खरोखर पडद्यावर आल्या होत्या आणि त्यांना हिरवा कंदील देणारा माणूस तोच, ज्याने ‘चीअर्स’ वाचवली.

त्याच शरद ऋतूत, ८ ऑक्टोबर १९८३ला, ब्रँडन ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाचा पाहुणा सूत्रसंचालक म्हणून स्वतः रंगमंचावर उभा राहिला. कार्यक्रम त्याच्याच नेटवर्कचा. तिसऱ्या नंबरच्या नेटवर्कचा साहेब कोट्यवधी लोकांसमोर येऊन स्वतःची फजिती करून घेतो, हे तेव्हाच्या कॉर्पोरेट दुनियेत कुणी पाहिलं नव्हतं.

आणि यातलं फार थोड्यांना माहीत असलेलं म्हणजे, एनबीसीतल्या याच पहिल्या वर्षांत त्याचा कॅन्सर उलटला होता. केमोथेरपी घेत घेत तो ऑफिसला येत राहिला, पायलट बघत राहिला. त्याने याचा गाजावाजा केला नाही. लग्न झालं होतं, घरात लहान मुलगी होती, नेटवर्क तळाला होतं आणि शरीरात ते औषध. एका वेळी इतकं सगळं अंगावर असताना माणूस दर सकाळी आकड्यांचा तो कागद कसा हातात घेत असेल, याची कल्पना करून बघा.

रात्रीची जाग आणि एक लंचबॉक्स

मुलगी तान्ही असतानाची गोष्ट. एका रात्री ब्रँडन तिच्यासाठी जागा होता आणि टीव्हीवर ‘द टुनाइट शो’ चालू होता. त्यात बिल कॉस्बी हा विनोदवीर घर, संसार आणि पोरांवर बोलत होता. बाप झालेल्या ब्रँडनला ते पटलं. हेच मालिकेत का आणू नये, असं त्याच्या मनाने घेतलं. मार्सी कार्सी आणि टॉम वर्नर या निर्मात्यांबरोबर मालिका ठरली. एबीसीने ती नाकारली होती. विनोदी कौटुंबिक मालिकांचे दिवस संपले, असं धंद्यातले जाणकार तेव्हा छातीठोकपणे सांगत होते.

२० सप्टेंबर १९८४ला ‘द कॉस्बी शो’ सुरू झाली. ब्रुकलिनमधलं एक कृष्णवर्णीय कुटुंब, बाप डॉक्टर, आई वकील आणि पाच मुलं. अमेरिकन टीव्हीवर अशी सुस्थितीतली, सुशिक्षित कृष्णवर्णीय माणसं तोवर क्वचितच दिसली होती. दुसऱ्या सीझनपासून सलग पाच सीझन ही मालिका पहिल्या क्रमांकावर राहिली, त्यातल्या शेवटच्या वर्षी दुसऱ्या एका मालिकेबरोबर बरोबरीत. बिल कॉस्बीबद्दल पुढे काय बाहेर आलं, ते तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. अनेक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८ साली तो एका खटल्यात दोषी ठरला आणि २०२१मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यामुळे आज ही मालिका पूर्वीच्या निखळ आनंदाने बघता येत नाही. ब्रँडनच्या हयातीत यातलं काही उघड झालं नव्हतं. पण त्याच्या सगळ्यात मोठ्या यशावर आज ही सावली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

गुरुवारी रात्री ‘कॉस्बी’ला जोडून ‘फॅमिली टाइज’ लागायची आणि त्यामागे ‘चीअर्स’. आता या ‘फॅमिली टाइज’चा किस्सा ऐकाच. १९८२ साली त्या मालिकेतल्या मोठ्या मुलाच्या भूमिकेसाठी निर्माते गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग यांनी मायकेल जे. फॉक्स नावाचा एक बुटका, फारसं कुणाला माहीत नसलेला मुलगा निवडला. ब्रँडनला तो अजिबात पसंत नव्हता. अमेरिकेत तेव्हा लोकप्रिय कलाकारांचे चेहरे शाळकरी मुलांच्या जेवणाच्या डब्यांवर छापलेले असायचे. या मुलाचा चेहरा काही कुठल्या लंचबॉक्सवर येणार नाही, असं ब्रँडनचं ठाम मत. गोल्डबर्ग हटून बसले. साहेब असूनही ब्रँडनने त्यांचं ऐकलं.

पुढे काय झालं? १९८५ साली ‘बॅक टू द फ्युचर’ आला आणि फॉक्स जगभर पोचला. ‘फॅमिली टाइज’ लोकप्रियतेत दुसऱ्या नंबरवर गेली. फॉक्सने मग एक लंचबॉक्स बनवून घेतला, त्यावर स्वतःचा फोटो लावला, एक खट्याळ चिठ्ठी लिहिली आणि तो ब्रँडनला भेट म्हणून पाठवला. ब्रँडनने तो डबा आपल्या ऑफिसात मांडून ठेवला आणि शेवटपर्यंत सांभाळला. ट्रॉफ्या सगळेच मांडतात. आपल्या घोडचुकीचा पुरावा रोज डोळ्यांसमोर ठेवणारे साहेब तुम्ही किती पाहिलेत?

१९८५-८६च्या सीझनमध्ये एनबीसी पहिल्या नंबरवर आलं आणि सलग सहा सीझन तिथेच राहिलं. तळातून वर यायला ब्रँडनला पाच-सहा वर्षं लागली होती. १९८६मध्ये जनरल इलेक्ट्रिकने एनबीसीची मालक कंपनी विकत घेतली आणि टिंकर बाहेर पडले. ब्रँडन मात्र आपल्या जागी होता.

न आवडलेली मालिका

१९८९ साली त्याच्यासमोर आणखी एक पायलट आला. न्यूयॉर्कमधला एक विनोदवीर आणि त्याचे मित्र, विशेष काहीच घडत नाही, नुसतं बोलणं. चाचणीचा अहवाल वाईट होता. ब्रँडनही साशंक होता. हाच तो ‘साइनफेल्ड’.

इथे मदतीला आला रिक लडविन. खरं तर तो विनोदी मालिकांच्या विभागाचा माणूसच नव्हता. त्याच्याकडे रात्री उशिराचे आणि खास कार्यक्रम होते. त्याला हे आवडलं होतं. त्याने आपल्या विभागाच्या बजेटमधला पैसा वळवून चार भागांची ऑर्डर दिली. फक्त चार. इतकी छोटी ऑर्डर म्हणजे जवळजवळ नकारच. ब्रँडनला हवं असतं तर त्याच्या एका शब्दाने ते थांबलं असतं. त्याने थांबवलं नाही. आपल्याला न पटलेल्या गोष्टीसाठी हाताखालचा माणूस धडपडतोय, तर त्याला करू द्यावं, एवढं भान त्याला होतं. कदाचित तो लंचबॉक्स समोर असल्याचा हा परिणाम असेल. ‘साइनफेल्ड’ काही वर्षांनी अमेरिकेतली सर्वांत लोकप्रिय मालिका झाली. तेव्हा ब्रँडन एनबीसीत नव्हता.

गाडी थांबली

१ जानेवारी १९९१. टाहो सरोवराजवळ ब्रँडनच्या गाडीला अपघात झाला. तो जखमी झाला, पण आठ वर्षांच्या मुलीच्या मेंदूला गंभीर इजा झाली. बोलणं, चालणं, सगळं नव्याने शिकायची वेळ तिच्यावर आली.

त्याच वर्षी तो एनबीसी सोडून पॅरामाउंट पिक्चर्स या सिनेमा कंपनीचा प्रमुख झाला. ‘वेन्स वर्ल्ड’सारखा हिट सिनेमा त्याच्या काळात आला. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या मालिकेची मूळ कल्पनाही त्याचीच. हॉलिवूडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर तो पोचला होता. आणि ऑक्टोबर १९९२मध्ये, सव्वा वर्षातच, त्याने राजीनामा दिला. मुलीवर न्यू ऑर्लिन्समध्ये उपचार चालले होते. त्याला तिथे तिच्याजवळ राहायचं होतं.

लोकांना वेळ देणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं. आता स्वतःच्या घरात तेच करायचं होतं आणि इथे निल्सनचे आकडे नव्हते. मुलगी कधी किती बरी होईल, कुणीच सांगू शकत नव्हतं. पुढे त्याने छोटी-मोठी कामं घेतली, १९९४मध्ये न्यू वर्ल्ड एंटरटेनमेंट या कंपनीची धुरा सांभाळली. पण पूर्वीचा वेग त्याने पुन्हा पकडला नाही. आजार पुन्हा परतला. २७ ऑगस्ट १९९७ला लॉस एंजेलिसमध्ये ब्रँडन गेला.

शेवटचा पायलट

गोष्ट इथे संपली असती. पण त्याच्या बायकोचा भाग सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

लिली टार्टिकॉफ मूळची बॅले नर्तिका, न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये नाचलेली. नवऱ्याच्या आजारपणात तिची ओळख यूसीएलए विद्यापीठातल्या डॉ. डेनिस स्लेमन यांच्याशी झाली. ते ब्रँडनवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक. त्यांचं संशोधन मात्र वेगळ्याच आजारावर चाललं होतं. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात हर-टू नावाचं प्रथिन पेशींवर प्रमाणाबाहेर वाढतं आणि कॅन्सर झपाट्याने पसरतो. फक्त त्या प्रथिनालाच जाऊन चिकटणारं औषध बनवता येईल, अशी स्लेमन यांची खात्री होती. बाकीच्यांना नव्हती. सरसकट सगळ्या पेशींना झोडपणाऱ्या केमोथेरपीच्या जमान्यात ही कल्पना लोकांना हवेतली वाटत होती. औषध कंपनीचा उत्साहही बेताचाच होता. पैशाअभावी काम रखडत होतं.

म्हणजे बघा, हाही एक पायलटच होता. चाचणीचे आकडे अजून हाती नाहीत आणि धंद्यातले जाणकार मान हलवताहेत.

लिलीने हट्ट धरला. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीचे मालक रॉन पेरेलमन यांच्या ती मागे लागली आणि त्यांच्याकडून या संशोधनासाठी लाखो डॉलर मिळवले. त्या पैशाने स्लेमन यांना सगळ्यात गरजेची गोष्ट मिळाली. वेळ. सप्टेंबर १९९८मध्ये, ब्रँडन गेल्यानंतर वर्षभराने, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हर्सेप्टिन या औषधाला मान्यता दिली. त्याचं शास्त्रीय नाव ट्रॅस्टुझुमॅब. आज हे औषध आपल्याकडेही दिलं जातं आणि भारतीय कंपन्याही त्याच्या आवृत्त्या बनवतात. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या काकूंच्या किंवा मावशीच्या फाइलमध्ये हे नाव असेलही. ब्रँडनला मात्र या औषधाचा काही उपयोग नव्हता. त्याचा आजार वेगळा होता.

आता तुमच्याबद्दल. सेमिस्टरचा निकाल, पहिल्या रीलचे व्ह्यूज, कॅम्पसमधला पहिला नकार, एकांकिका स्पर्धेत प्राथमिक फेरीतच बाद झालेली तुमची टीम. आकडे रोज येतात आणि ते खोटे नसतात. ‘चीअर्स’ त्या आठवड्यात खरोखरच ७४वी होती. ‘मॅनिमल’चे आकडेही वाईट होते आणि ती बंद झाली हे ठीकच झालं. प्रत्येक पडलेली गोष्ट ‘चीअर्स’ नसते. ब्रँडनलाही दर वेळी फरक ओळखता आला नाही, नऊपैकी शून्य तुम्ही आत्ताच वाचलंत. पण आकड्यांचा कागद हातात आल्यावर तो मालिका पुन्हा एकदा बघायचा. बघणारे थोडे असले, तरी ते पुढच्या आठवड्यात परत येतायत का, हे शोधायचा. आणि काम करणारी माणसं चांगली असतील, तर सही करायला थांबायचा.

तुमच्या हातातही असा कागद कधीतरी येणार आहे. स्वतःचा येईल, नाहीतर दुसऱ्या कुणाचा. ज्युनियरचा, मित्राचा, धाकट्या भावाचा. तेव्हा लगेच सही करू नका. एकदा परत बघा. आणि तरीही चुकलात, तर घरातला एखादा जुना डबा शोधा आणि टेबलावर ठेवून द्या.